दूध डेअरीत टांगलेला फोटो

परवा दुपारी सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गच्चीवरून हाक मारली. वर जाऊन बघतो तर दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या शर्टांवर काळे, हलके पापुद्रे येऊन बसलेले. झटकले तर उडतात, पुसायला गेलं तर रेघ उठते.

"पेटवला कुणीतरी पाला," ती म्हणाली. "तुमच्या त्या शाळेतल्या पोरांना सांगा, ह्याचाबी एक फोटो काढा म्हणावं. आणि धुवायलाबी त्यांनाच बोलवा."

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या निपाणी भागात कॅलेंडर बघावं लागत नाही. चिकोडीच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात, त्यांच्यावरची गाणी ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतात. वळणावर चार कांडी खाली पडतात आणि शाळेतून येणारी पोरं ती उचलून दातानं सोलत पुढं जातात. गुऱ्हाळाकडून गरम काकवीचा वास येतो आणि तो तंबाखूच्या वखारींच्या उग्र वासात मिसळतो. बाहेरगावच्या माणसाला ह्या वासानं शिंक येते, आम्हाला भूक लागते. मग ऊस कारखान्याला जातो, वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे जनावरांना जातात, आणि रानात उरतो तो वाळका पाला. गुडघाभर, पिवळट, पाऊल टाकलं की चुरचुरणारा. त्याला काडी लावली की त्याचे हे पापुद्रे पाच-सहा किलोमीटरवरून माझ्या शर्टापर्यंत येतात.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. आकडा जुळल्याशिवाय मला खुर्चीवरून उठवत नाही, आणि जे मोजलेलं नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. म्हणून इथंही सांगून टाकतो. मी गेली काही वर्षं एका गावच्या शाळेत मुलांना फोटो काढायला शिकवतो. त्यानं किती प्राणी वाचले हे मला माहीत नाही. कुणी मोजलेले नाहीत. मला फक्त एका रानमांजरीबद्दल आणि तिच्या दोन पिल्लांबद्दल खात्रीनं लिहिता येतं.

गावाचं नाव लिहीत नाही. घर, बीळ, घरटं सापडलं तर जागा कुणाला सांगायची नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम आहे. मुलांना घातलेला नियम मी मोडला तर मग वर्गाला अर्थ राहत नाही.

वर्गाची सुरुवात पाच कॅमेऱ्यांवर झाली. सगळ्यांच्या हातात मोबाइल आल्यावर घरोघरी छोटे डिजिटल कॅमेरे कपाटात पडून होते. अनगोळच्या मावसभावाकडून दोन मिळाले, खासबागेतल्या मेहुणीकडून एक, संस्थेतल्या दोघांकडून एक एक. एकाचं बॅटरीचं झाकण मोडलेलं, ते रबरबँडनं धरायचं. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. सातवीत सोळा मुलं. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटल्यावर तास-दीड तास मला मिळाला. हेडबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"परीक्षेला येतं का हे?"

"नाही येत."

"मग करू द्या," त्या म्हणाल्या. "परीक्षेला येणारं काय शिकत्यात ते मला दिसतंय की."

पहिल्या शनिवारी काय हवं ते काढा म्हटलं. मेमरी कार्ड भरून आलं. एकमेकांचे जीभ काढलेले चेहरे, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, म्हशीचं नाक, आणि शुभम नावाच्या एका मुलानं आपल्या घरच्या ट्रॅक्टरचे काढलेले एकूण चौतीस फोटो. दुसऱ्या शनिवारी मी नियम केला. एकाला दहाच फोटो. अकरावा काढला तर पुढच्या आठवड्याला कॅमेरा नाही. आणि फोटो अशाचा काढायचा, जे जिवंत आहे आणि ज्याला आपण खायला घालत नाही.

"सर, आमची आजी चालंल?" शुभमनं विचारलं. "तिला आम्ही न्हाय घालत, तीच आम्हाला घालती."

वर्ग हसला. मीही हसलो. पण दहाच्या नियमानं काम केलं. दहाच मिळणार म्हटल्यावर मुलं बटण दाबायच्या आधी बघायला लागली. बघायला लागल्यावर त्यांना दिसायला लागलं. शेवग्याच्या फुलांत डोकं खुपसलेला शिंजीर पक्षी. मोरीच्या दगडाखाली फुगून बसलेला बेडूक. बांधावरून पळालेल्या मुंगसाची नुसती शेपूट. ह्यातलं काहीही नवं नव्हतं. ते सगळं त्यांच्या घराभोवतीच जगत होतं, मुलांचं लक्ष तेवढं नव्हतं.

एका मित्रानं सल्ला दिला, मुलांना लोंढ्याच्या जंगलात घेऊन जा, तिकडं धनेश बघायला मिळतील, वन्यजीव म्हणजे काय ते कळेल. मी बसचं भाडं काढून बघितलं, ते जमलंही असतं. पण मी गेलो नाही. लोंढ्याला नेलं तर जनावरं लोंढ्याला असतात एवढंच मुलं शिकली असती. मला ती गावातच दाखवायची होती. दोनेक महिन्यांनी मुलं भांडायला लागली, "तो आमच्या बांधावरचा मुंगूस हाय, तुमचा न्हाय," तेव्हा मला वाटलं, वर्ग रुळाला लागला. माणूस ज्याला आमचं म्हणतो त्याच्यासाठी उठतो. संवर्धन ह्या मोठ्या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

त्या वर्षीचा हंगाम संक्रांतीनंतर जोरात आला. तोडणीच्या टोळ्या गावाबाहेर पालं ठोकून राहिल्या. रोज सकाळी एक हिरवी भिंत पडायची आणि पलीकडचं गाव नव्यानं दिसायचं. उसाच्या रानात वर्षभर पाणी, सावली आणि उंदीर. माणूस आत शिरत नाही. त्यामुळं कोल्हा, मुंगूस, रानमांजर, घोरपड, सगळ्यांचा संसार तिथं. ऊस पडायला लागला की ही बिऱ्हाडं मागं मागं सरकतात, आणि ज्यांची पिल्लं लहान असतात ती पाल्यातच दबून बसतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. मुलांनी काढलेले फोटो एकामागून एक लावून बघितल्यावर ते आम्हाला कळलं.

सातवीत त्रिशला नावाची मुलगी होती. कमी बोलणारी, कॅमेरा दोन्ही हातांनी ताटलीसारखा धरणारी. घर जैन शेतकऱ्यांचं. शेत तिचे आजोबा आदगोंडा आप्पा बघायचे. आठवड्याला एक कॅमेरा घरी न्यायची पाळी असे, त्या आठवड्यात ती तिची होती. शनिवारी तिनं कॅमेरा माझ्यासमोर ठेवला आणि मनगटानं डोळे पुसले. दहापैकी सात फोटोंत नुसता पाला होता. आठव्यात पाल्यात एक खळगा, आणि खळग्यात काळसर टोकांचे कान. नवव्यात मांजरीचं तोंड, सरळ कॅमेऱ्याकडं रोखलेले डोळे, आणि तिच्या पोटाशी चिकटलेली दोन पिल्लं, एकाचे डोळे नुकते उघडलेले.

"कुठून काढलास?"

"मोटरीच्या खोलीच्या दारातनं. जवळ गेले न्हाय."

"शाबास. मग रडतेस का?"

"सर, आप्पा सोमवारी पेटवणार हाईत."

ती मला घरी घेऊन गेली. आप्पा ओट्यावर बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. शेंगदाणे आणि गूळ पुढं आला. घरात ते बायकोशी कन्नडमध्ये बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि राग आला की पुन्हा कन्नडमध्ये. मी सांगितलं, रानात मांजरीची पिल्लं आहेत, जरा थांबता येईल का. त्रिशलानं कॅमेरा पुढं केला. त्याचा पडदा काडेपेटीएवढा. आप्पांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला.

"ह्यात काय दिसतंय? पालाच हाय की."

"खाली बघा आप्पा, कान."

"असतील. सर, तुम्ही हिशेबातलं माणूस, तुम्हाला सांगतो. पाला ऱ्हायला तर सरीतनं पाणी फिरत न्हाय, तोडलेल्या खोडाला खोडवा फुटत न्हाय. मंगळवारी पाण्याची पाळी हाय. ती चुकली तर पुढची कवा?"

"मग निदान एका बाजूनं तरी मोकळं ठेवा. चारी बाजूंनी लावता म्हणून आतलं काही सुटत नाही."

"एका बाजूनं लावली तर आग वाऱ्याबरोबर बांध ओलांडंल आणि मारुतीच्या उभ्या उसात शिरंल. चारी बाजूनं लावली की ती मधी येऊन मरती. पलीकडच्याचं राखायचं म्हणून तर चारी बाजूनं लावायची. मारुतीचा ऊस जळाला तर भरपाई तुमची संस्था देणार व्हय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेजाऱ्याच्या पिकाला धक्का लागू नये म्हणून ह्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पाला असाच पेटवतात. पण तेवढ्यात त्रिशला बोलली.

"आप्पा, पाणी गाळून पितासा. दिवस बुडायच्या आत जेवतासा. आणि पिल्लं जाळतासा?"

"साकु!" आप्पा ओरडले. म्हणजे पुरे. मग माझ्याकडं वळून आवाज खाली आणला. "पोरगीला अर्धंच ठावं हाय. शेती करायची म्हंजे जीव मरत्यात सर. नांगराखाली मरत्यात, पाण्यात मरत्यात. त्याला आमच्यात उद्योगी हिंसा म्हंत्यात. संसारी माणसाला ती सुटत न्हाय. जाणून, ठरवून मारणं ती संकल्पी. ती म्या जल्मात केली न्हाय."

मी उठलो. वाद घालून उपयोग नव्हता, पण हात हलवत परत जायची माझी तयारीही नव्हती. तसाच निपाणीत स्टुडिओत गेलो आणि सोळाही मुलांचा एक एक फोटो मोठा करायला दिला. फक्त त्रिशलाचा दिला असता तर तो आप्पांवर रोखल्यासारखा झाला असता, आणि बाकीच्या पंधरा जणांवर अन्यायही.

प्रदर्शन शाळेत भरवलं असतं तर शाळेतलीच माणसं आली असती. गावातला प्रत्येक शेतकरी दिवसातून दोनदा जिथं हमखास येतो ती जागा म्हणजे दूध डेअरी. रविवारी संध्याकाळी आम्ही डेअरीच्या पडवीत कपड्यांची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो टांगले. दुधाला रांग लागली. हातात किटल्या, डोक्यावर दिवसभराची धूळ. रांग सरकेल तसे लोक एकेका फोटोपुढं यायचे.

"हा बेडूक बघ, सरपंचासारखा बसलाय."

"आणि हे कुणाचं शेपूट?"

"मुंगसाचं. बाकीचं मुंगूस शुभ्याच्या खिशात हाय."

मुलं आपापल्या फोटोखाली उभी होती, गुरुपौर्णिमेला उभी राहतात तशी ताठ. आप्पा आले. मागं मारुती होता, शेजारच्या रानाचा मालक. पन्नाशीचा, गावात टवाळखोर म्हणून प्रसिद्ध. आप्पांनी चष्मा घातला. बेडकापाशी हसले. मग मांजरीपाशी आले आणि थांबले. रांग पुढं सरकली, ते सरकले नाहीत.

"आप्पा, किटली द्या की," डेअरीवाला म्हणाला.

आप्पांनी किटली न बघताच पुढं केली. बोटानं फोटोतल्या कोपऱ्याकडं दाखवलं. "हा धोंडा आमच्या बांधावरचा हाय."

जागा सांगायची नाही हा नियम. त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "घरच्यांना सांगायला हरकत नाही."

"आमचाच, आप्पा."

"दोन हाईत?"

"दोन."

आप्पांनी चष्मा काढला. मग माझ्यावरच उखडले. "सर, हे तुम्ही दाखवाय नको होतं."

"का ओ आप्पा?"

"कालपतोर मला ठावं न्हवतं. ह्या बारक्या डबड्यात काय दिसलं न्हाय म्हणून झोप तरी लागली. आता डोळं बघिटलं तिचं. आता काडी वडली तर ती उद्योगी कशी? ती संकल्पी झाली की!"

मारुती मागून म्हणाला, "मांजर ते आप्पा. बिबट्या असता तर गोष्ट येगळी."

"बिबट्या असता तर तू रानात काडी वडायला गेला असतास व्हय रं?"

रांगेतले लोक हसले. आप्पा हसले नाहीत. दुधाची पावती न घेताच घरी गेले.

त्या फोटोबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. फोटो म्हणून तो साधा होता. थोडा हललेला, उजेड कमी. स्पर्धेत पाठवला असता तर परत आला असता. पण आजवर जे न बघता होत होतं ते त्यानं बघायला लावलं. माझ्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जी नोंद कुणीच करत नव्हतं ती त्या मुलीनं केली. आणि ज्या माणसाचा धर्म जाणून केलेलं आणि नकळत झालेलं ह्यांत फरक करतो, त्याला नोंद झाल्यावर पळवाट उरत नाही. मी त्यांना शंभर कारणं सांगितली असती. तो निर्णय मात्र त्यांचा त्यांनीच, स्वतःच्या घरातल्या शब्दानं घेतला.

सोमवारी सकाळी मी रजा टाकून गेलो. रानात धूर नव्हता. आठ बायका पाला ओढत होत्या. एक सरी सोडून एक सरीत पाला दाबायचा, मोकळ्या सरीतून पाणी सोडायचं. मोटरीच्या खोलीसमोरचा तुकडा तसाच ठेवला होता. आप्पांचा मुलगा, म्हणजे त्रिशलाचे वडील, कपाळाला आठ्या घालून उभे.

"काडीनं झालं असतं ते मजुरीवर चाललंय," ते मला म्हणाले.

"पाला कुजला की खत होतंय," आप्पा लांबून ओरडले. "आणि कुजला न्हाय तर मला सांग. माझ्या जेवणातनं वजा कर."

मंगळवारी पाणी आलं. मोकळ्या सरींतून ते फिरलं, जरा सावकाश, पण फिरलं. आप्पा सरीच्या तोंडाशी फावडं घेऊन पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत हलले नाहीत.

हल्ली शनिवारी मी जातो तेव्हा नवी सातवी समोर असते. त्रिशला आता निपाणीत पीयूसीला, म्हणजे अकरावीला आहे, अधूनमधून येते आणि लहान मुलांना दहाचा नियम माझ्यापेक्षा कडकपणे पाळायला लावते. गावात अजूनही पाला पेटतो. मोजायचंच तर न पेटवणारे थोडे आहेत, पेटवणारे जास्त. माझ्या शर्टावरचे काळे पापुद्रे त्याचाच पुरावा. कुणी विचारतं, मग एवढ्या वर्षांत काय झालं? मी म्हणतो, अजून शनिवार आहेत. कॅमेरे आता नऊ झालेत. मी काही आशेवर जगणारा माणूस नाही, पण हातात घेतलेलं काम अर्धं ठेवायची मला सवय नाही. जोवर हेडबाई वर्गाची किल्ली देतात तोवर मी जाणार.

त्या हंगामातलं शेवटचं दृश्य मात्र मला आप्पांच्या रानातलं आठवत नाही, डेअरीतलं आठवतं. पाणी आल्यावर मांजरीनं बिऱ्हाड हलवलं. त्या आठवड्यातही कॅमेरा मी मुद्दाम त्रिशलाकडंच ठेवला होता, तिला त्याचा फोटो मिळाला. तोंडात पिल्लू धरून बांध ओलांडणारी मांजर, पुढचे पाय पलीकडं, शेपूट अजून अलीकडं. आणि पलीकडं होता मारुतीचा उभा ऊस. त्याची तोड त्याच आठवड्यात लागायची होती. तोड झाली की पाला, आणि पाल्याला चारी बाजूंनी आग. म्हणजे आप्पांनी वाचवलेली पिल्लं बांधाच्या त्या बाजूला पुन्हा तिथंच येऊन अडकणार होती.

मी तो फोटो मोठा करून डेअरीत नेला. दोरीला लावायच्या आधीच आप्पांनी हातातून घेतला.

"किती झालं ह्याचं?"

"राहू दे आप्पा."

"राहू दे कसं? तुम्ही हिशेबातलं माणूस. किती?"

"साठ."

त्यांनी साठ रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या मारुतीकडं गेले. "धर."

"काय हे?"

"तुझ्या रानात पाव्हणे आल्यात."

मारुतीनं फोटो बघितला, मग आप्पांकडं. "मी काय तुमच्यातला न्हाय आप्पा. ते उद्योगी, संकल्पी, आमच्यात न्हाय ते."

"डोळं तर हाईत न्हवं तुला? मग बघ. आता तुलाबी ठावं झालं."

रांग सरकली. मारुतीचं दूध मोजून झालं, फॅट लागलं, पावती हातात आली, तरी तो फोटो हातात धरून पडवीत उभा. मुलं त्याच्याकडं बघत होती. शेवटी तो माझ्याजवळ आला.

"औंदा मी काडी लावत न्हाय, जावा," तो म्हणाला. "पण सर, आमच्या रानात पाणी सोडलं की ती पलीकडं बापूच्या उसात जाणार. त्यो माझ्यापेक्षा खट हाय. त्याला एक मोठा काढून द्या. ह्याच्यापेक्षा मोठा. डोळं दिसतील असा."

त्यानं खिशातून शंभराची नोट काढली आणि पैसे आगाऊ दिले. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जायच्या आधी मी ती निपाणीतल्या स्टुडिओवाल्याला पोचती केली.